ड्रेसरांनी दाखवलेली जागा

कोणताही मोठा निर्णय घेण्याआधी माणसानं सत्याला सामोरं गेलं पाहिजे, असं थोर लोकांनी सांगून ठेवलं आहे. आमचे ड्रेसरही तेच सांगत. फक्त त्यांचं सत्य जमिनीवर पडलेलं असे आणि काडीनं उकरून पाहावं लागे.

"आधी शेण पाहू, मंग बोलू," हे त्यांचं वाक्य.

गुरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं आणि डॉक्टर सुई टोचत असताना बैलाची वेसण धरून उभं राहणं, ही त्यांची नोकरी. डॉक्टर बदलत राहिले, काही तर हजर होण्याआधीच बदलले. ड्रेसर मात्र तिथंच निवृत्त झाले. गावानं त्यांचं नाव कधी वापरलं नाही, आणि निवृत्तीनंतर त्यांचा हुद्दाही काढून घेतला नाही.

कुणाची गाय आजारी पडली की ते आधी तिच्या मागे जात. शेण पातळ आहे की घट्ट, त्यात सरकी तशीच पडते आहे का, उसाचं वाढं जास्त झालं का, हे सगळं बघून झालं की मगच ते तोंडाकडे येत. "तोंडाकडून पाह्यलं तर सगळीच गुरं दुःखी दिसतात, भाऊसाहेब," ते म्हणत. मी त्या गावचा ग्रामसेवक होतो आणि आमच्या भागात ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात. त्यात आदर किती आणि सवय किती, हे मी कधी उकरून पाहिलं नाही.

पुतणीसाठी स्थळ पाहायला गेले, तेव्हाही त्यांनी हाच नियम लावला. सगळे दिवाणखान्यात पोहे खात असताना हे गोठ्यात. परत येताना जीपमध्ये म्हणाले, "बंगला झकास हाय. गोठ्यात दोन दिवसांचं शेण तसंच पडलंय. नकार कळवून टाका." तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. लग्नं मोडल्याबद्दल त्यांना शिव्या बसतात, आणि टळलेल्या लग्नांचे आभार मानायला कुणी येत नाही.

वडीगोद्रीहून आत असलेल्या त्या गावात एके वर्षी शेणाचा प्रकल्प मंजूर झाला. गावातलं शेण गोळा करून एका मोठ्या बंद टाकीत टाकायचं, त्याचा गॅस शाळेच्या खिचडीला द्यायचा आणि उरलेली रबडी शेतात खत म्हणून सोडायची. कल्पना साधी होती. म्हणून तिच्यावर भाषणं फार झाली. गावाचं नाव दिल्लीपर्यंत जाईल, असं सरपंच म्हणाले. शेण टाकीपर्यंत कसं जाईल, यावर ते काही बोलले नाहीत.

टाकी केवढी बांधायची हे जनावरांच्या संख्येवर ठरणार होतं. मोजणीसाठी तालुक्याहून एक तरुण इंजिनिअर आले. नम्र आणि हुशार माणूस. सगळी जनावरं एकाच ठिकाणी आयती सापडावीत म्हणून त्यांनी मोजणीला पोळ्याचा दिवस निवडला. मारुतीच्या देवळासमोर खुर्ची टाकून ते बसले आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येक बैलासाठी वहीत एक रेघ मारू लागले. रंगवलेली शिंगं, झुली, घुंगरं, वर हलगीचा कडकडाट. इंजिनिअरांचा चेहरा उजळत चालला होता. पानांमागून पानं भरत होती.

ड्रेसर त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. थोडा वेळ पाहून म्हणाले, "साहेब, हा निळ्या शिंगाचा कितवा?"

"म्हणजे?"

"ह्याचा डावा कान फाटलेला हाय. पारसाली म्याच टाका घातल्ता. ह्याला तुम्ही चौथ्यांदा लिहून राह्यले."

मग इंजिनिअरांना कळलं की आमच्याकडे पोळ्याला बैल मारुतीला पाच फेऱ्या घालतात.

"फेऱ्या तो पाच घालंल, साहेब," ड्रेसर समजुतीच्या सुरात म्हणाले, "शेण एकाच बैलाचं टाकणार. आन् ती झुलीवाली जोडी सरपंचाच्या मेव्हण्याची हाय. मिरवायला आणली. सांजच्याला टेम्पोत बसून चालली घरी."

दुसऱ्या दिवसापासून घरोघर मोजणी झाली. ड्रेसरांच्या सांगण्यावरून ती पुरुषांना न विचारता बायांना विचारून केली, कारण शेण उचलतात त्या आणि उन्हाळ्यात त्याच्या गोवऱ्या थापतात त्या. टाकी कागदावरच निम्मी झाली. सरपंचांना तो गावाचा अपमान वाटला.

खरी पंचाईत जागेची होती. सगळ्यांचं बोट एकाच ठिकाणी गेलं होतं. खालच्या वस्तीच्या वरच्या अंगाला गायरानाचा मोकळा तुकडा होता. सरकारी जमीन, डांबरी रस्त्याला लागून, कुणा मालकाची हरकत नाही. कागदावर इतकी देखणी जागा मी नोकरीत पाहिली नव्हती. फक्त त्या उताराच्या पायथ्याशी खालच्या वस्तीची विहीर होती. उन्हाळ्यात गावातल्या बाकीच्या विहिरी तळ दाखवत, तेव्हा सगळी वस्ती तिच्यावर जगत असे.

ग्रामसभेत इंजिनिअरांनी पडद्यावर रंगीत नकाशा दाखवला. विहीर त्यात एक निळा ठिपका होती. टाकी पक्की असेल, गळती होणार नाही, असं त्यांनी सांगितलं. टाळ्या पडायच्या बेतात असताना ड्रेसर उठले.

"काळी माती हाय ती, साहेब. चैतात तिला एवढाल्या भेगा पडतात, माझी काठी गेल्ती आत. पावसाळ्यात तीच फुगती. तुमची टाकी कितीबी पक्की असू द्या, खालची जमीन हलली तर ती काय करणार?"

"त्यासाठी पाया खोल घेऊ."

"घ्या. पर माझं दुसरंच म्हणणं हाय." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "लई वर्सांपूर्वी एक म्हैस मेल्ती, पोट फुगून. तवा ती कुठं पुरायची म्हून लोकांनी मला इचारलं. हेच गायरान म्या दाखवल्तं. मालक न्हाई, रस्ता जवळ, गाडी जाती. तुम्ही आज जे सांगून राह्यले तेच समदं म्या तवा सांगितल्तं. मंग पाऊस झाला. त्या पावसाळ्यात वस्तीच्या विहिरीला वास मारायला लागला. दोन लेकरं दवाखान्यात होती. पाटलांनी पाण्यात काही टाकलं, असं लोक बोलले. कुणी काही टाकलं नव्हतं. ती म्हैस होती. जागा म्या दाखवल्ती. आन् म्या गप बसलो."

वस्तीतली एक म्हातारी पुढे बसली होती. ती म्हणाली, "म्हंजी ते तुमी व्हते व्हय?"

"व्हय, मावशे."

"आन् आमी इतकी वर्सं पाटलाला शिव्या देऊन राह्यलो!"

पाटलांच्या घरचे दोघं मागच्या रांगेत होते. ग्रामसभेत कुणाच्या चेहऱ्यावर इतकं शुद्ध समाधान मी नंतर पाहिलं नाही.

गायरान बाद झालं. सरपंच मात्र चिडले. "मंग आता जागाबी तुम्हीच दाखवा, ड्रेसरमामा. महिन्याभरात. न्हाईतर प्रकल्प गेला दुसऱ्या गावाला, आन् खापर तुमच्या डोक्यावर."

त्या महिन्यात मी माझ्या मोटारसायकलवर ड्रेसरांना घेऊन गावाची शीव न् शीव पाहिली. त्यांच्या मांडीवर गोवऱ्यांची पिशवी असे. विहिरीपासून लांब आणि विहिरीकडे उतार नको. खाली मुरूम हवा. पावसाळ्यात शेणाची ट्रॉली चिखलात फसायला नको. शेणाइतकंच पाणी कालवावं लागतं, म्हणून कालव्याचा पाझर जवळ हवा. रबडी मोटार न लावता आपल्या पायानं शेतात गेली पाहिजे. एवढं जमलं की ते खाली बसत, गोवरी पेटवत आणि धूर कुठे जातो ते पाहत. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. एका जागेचा धूर शाळेत गेला. एकाचा अंगणवाडीत. एका ठिकाणी सगळं बरोबर जमलं, पण खाली चार हातांवर पुन्हा काळी माती निघाली. माझे शर्ट घरात वेगळे धुतले जाऊ लागले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. गावाच्या उत्तरेला, ओढ्यापलीकडे, एक उंच मुरमाड बरड होतं. पंचायतीच्या मालकीचं, पडीक. उतार विहिरीच्या उलट बाजूला, खाली शेतं, कडेनं बारमाही रस्ता, हाकेवर कालव्याचा पाझर. ते मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. त्यांनाही दिसत असणार. पण आम्ही जवळजवळ चार आठवडे त्याला वळसा घालून फिरत होतो, कारण त्या बरडाच्या पूर्व कडेला एकच घर होतं आणि ते ड्रेसरांचं होतं. आयुष्यभर दवाखान्यात शेणाचा वास घेतल्यावर म्हातारपणी स्वच्छ हवा खायची, म्हणून फंडाचे पैसे घालून मुद्दाम गावाबाहेर बांधलेलं. पुढे मोगऱ्याचे वाफे. मागे, पश्चिमेला, मोठी खिडकी.

महिना संपायला दोन दिवस होते. सकाळी ते गाडीवर बसले आणि म्हणाले, "चला, आज माझ्याकडंच चहा घेऊ."

घराजवळ उतरले, पण आत गेले नाहीत. बरडाच्या मध्यावर जाऊन गोवरी पेटवली. धूर जरा वर गेला, वळला आणि सरळ त्या खिडकीतून आत शिरला. कुणी वाट दाखवल्यासारखा.

आतून ड्रेसरांच्या घरच्या, आमच्या काकू, पळी घेऊनच बाहेर आल्या. "कोण हाय त्ये? गोवऱ्या जाळायला माझंच घर सापडलं व्हय? कपडे वाळत घातल्यात म्या!"

"मी हाय गं."

"तुमाला काय रिटायर होऊन बी आराम न्हाई? इझवा आधी ते!"

ड्रेसर माझ्याकडे वळले. "लिहा, भाऊसाहेब. वारा बराबर."

मी म्हणालो, "बराबर कसला? सगळा तुमच्या घरात चाललाय. संध्याकाळी परत पाहू. वाऱ्याचं काय, बदलतो."

"उन्हाळाभर हितं पश्चिमेचाच वारा असतो. घर बांधताना तोच पाहून खिडकी ठेवली म्या." ते थोडा वेळ धुराकडे पाहत राहिले. "गावात जात न्हाई, शाळेत जात न्हाई. वाटंत एकच घर हाय. बिलकुल बराबर. लिहा."

मी लिहिलं. काकूंना काय चाललंय ते तेव्हा समजलं. पळी हातात धरून त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या वहीत आणिक एक लिहा, भाऊसाहेब. बायकोला इचारलं न्हाई."

तेही मी लिहिलं. जागा निवडीच्या टिपणात शेवटची ओळ तीच आहे. वरच्या कार्यालयानं तिच्यासह टिपण मंजूर केलं. अर्थात त्यांनी ते वाचलं होतं की नाही, हा प्रश्न राहतोच.

पुढचे आठ दिवस ड्रेसर माझ्या कार्यालयात डबा खायला येत. डब्यात भाकरी आणि ठेचा, बाकी काही नाही. "घरात बोलणं बंद हाय," ते सांगत. "बराबरच हाय तिचं." आणि ठेचा खाऊन पाणी पीत.

प्रकल्प उभा राहिला. उद्घाटनाला पुढारी आले, फीत कापली गेली, गोमातेवर तीन भाषणं झाली. टाकी कुठे बांधावी हे ड्रेसरांना विचारलं होतं. मंडप कुठे टाकावा हे कुणी विचारलं नाही. तो पूर्वेला टाकला. पहिलं शेण टाकीत पडलं तसा वारा सुटला आणि पुढाऱ्यांचं भाषण फार लवकर, फार गोड शब्दांत आटोपलं. आजवर त्या गावात इतकं नेमकं भाषण झालेलं नाही. ड्रेसर मागे उभे होते. कोशिंबिरीसाठी कापलेल्या काकड्यांची सालं टाकीत जाऊ नयेत म्हणून आचाऱ्याशी भांडत होते.

त्यानंतर दोन वर्षं ते रोज सकाळी टाकीपाशी जात. झाकणाला कान लावत. आत नीट पचतंय का, हे त्यांना ऐकू येई म्हणे. गुरांचं पोटही ते असंच ऐकत. एका थंडीत दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. शोकसभेत सरपंचांनी त्यांना पर्यावरणमहर्षी म्हटलं. वस्तीतली ती म्हातारीही आली होती. विहिरीचं पाणी कळशीत भरून आणलं होतं, ते तिनं आलेल्या माणसांना प्यायला दिलं आणि रिकामी कळशी घेऊन गेली.

माझी बदली परतूरला झाली. गेल्या उन्हाळ्यात त्या बाजूला काम निघालं म्हणून काकूंना भेटून आलो. पश्चिमेची खिडकी सताड उघडी होती. वास फार नव्हता, पण होता.

"खिडकी लावून घेत जा ना, काकू, दुपारची."

"राहू द्या." त्यांनी चहाची कपबशी पुढे केली. "दवाखान्यातून घरी यायचे तवा असाच वास यायचा. दार उघडायच्या आधीच कळायचं, आले म्हून."

मी चहा प्यायलो. त्यांनी दुसरा दिला, तोही प्यायलो.

वासाबद्दल कुणाची तक्रार असेल तर लिहावी म्हणून प्रकल्पाच्या फाटकाला पंचायतीनं एक वही दोरीनं बांधली आहे. निघताना मी ती चाळली. आजवर तिच्यात एकच तक्रार आली आहे. ती सरपंचांची आहे. ते संभाजीनगरला राहतात.