सासऱ्यांच्या गलबताला हार

माझी बायको गेली त्यानंतर एक पावसाळा होऊन गेला. सवाष्ण गेली, भाग्याची, असं बायका म्हणत होत्या. मला त्यात भाग्य कुठं दिसलं नाही. चूल थंड दिसते, एवढंच. मी चार बुकं शिकलेला माणूस, लिहायला बसलो की हात दुखतो. पण बंदरावरच्या संग्रहालयात एका नारळी पुनवेला ती भर सभेत बोलली होती, आणि ते पाहिलेली माणसं आता फार उरली नाहीत. म्हणून लिहितो.

हरिहरेश्वराच्या अलीकडं आमचं बंदर. तिथं सरकारी जकात कचेरी होती. गलबतं कमी झाली तशी कचेरी बंद पडली आणि आत वटवाघळं राहायला आली. स्वराज्य आल्यावर शाळेतल्या मास्तरांच्या डोक्यात आलं, इथं जुन्या गलबतांचं संग्रहालय करायचं. लोक हसले. "मास्तर, गलबत मोडलं की त्याचं सरपण व्हतं. सरपण कोण बघाया येनार?" पण मास्तर चिकट माणूस. घरोघर फिरून मोडकं सुकाणू, गंजका नांगर, कुणाचा होकायंत्राचा डबा, शिडाचे तुकडे असं गोळा करत राहिले. मी आधी खलाशी होतो. दोरात हात सापडून बोटं गेली, तेव्हापासून जमिनीवर बसून होतो. मास्तरांनी मला झाडायला, जाजम अंथरायला आणि चहा करायला ठेवला.

नुसत्या गंजक्या नांगराला माणसं किती वेळा येणार? म्हणून मास्तर तिथं काही ना काही घडवत. गलबतं हाकलेल्या म्हाताऱ्या तांडेलांना बोलवून वादळाच्या गोष्टी सांगायला लावत. एकच वादळ दर खेपेला वाढायचं. गाठी मारायची शर्यत असायची, तिच्यात बाप्ये माणसं पोरांसारखी भांडायची. एकदा मुंबईहून एक प्राध्यापक आले. भिंतीवर चादर टांगून त्यांनी यंत्रातून जहाजांची चित्रं दाखवली. एक जहाज उलटं लागलं, त्याला सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या. बायको प्रत्येक कार्यक्रमाला यायची. बोलायची नाही. दाराशी बसून ऐकायची आणि घरी जाताना मला सांगायची की चहात साखर कमी होती.

तिचे वडील तांडेल. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत मंगळुरी कौलं भरून त्यांचं गलबत निघालं ते आलंच नाही. फळी मिळाली नाही, माणूस मिळालं नाही, कुणी बुडताना पाहिलं नाही. त्याच्या आधी कधीतरी त्यांनी लेकीला खेळायला सागाचं हातभर गलबत कोरून दिलं होतं, डोलकाठी आणि शिडासकट. मास्तरांनी ते संग्रहालयासाठी मागितलं. बायकोनं खोबरेल लावून, पुसून दिलं.

प्रेत मिळालं नाही तर बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, असा आमच्यात रिवाज. बारा वर्षं उलटली होती. पण माझी सासू पुतळा करू देत नव्हती. रोज कुंकू लावायची, हातात हिरव्या बांगड्या. सासऱ्यांचा धाकटा भाऊ, माझा चुलतसासरा, यावरून तिच्याशी सारखा वाद घालायचा. तो वाईट माणूस नव्हता. भावाचा जीव लटकलाय, त्याला पाणी मिळत नाही, हे त्याच्या मनाला लागलेलं.

महाराष्ट्र व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. नारळी पुनव जवळ आली तेव्हा मास्तरांनी ठरवलं, या वर्षी दर्यात गेलेल्या माणसांच्या आठवणीचा कार्यक्रम करायचा. प्रत्येकाची एकेक वस्तू किंवा फोटो टेबलावर मांडायचा, अलिबागहून जिल्ह्याचे साहेब येणार, त्यांच्या हातून हार घालायचे, मग सगळ्यांनी किनाऱ्यावर जाऊन नारळ सोडायचा. विधवा बायका एरवी नारळाच्या वेळी मागं राहत. त्यांनाही पुढं बोलावलं होतं. गेलेल्यांत मुसलमान खलाशीही होते. त्यांच्या घरी मास्तर स्वतः जाऊन बसले, हार चालतो का विचारलं. नाही चालत म्हणाले, म्हणून त्यांच्या वस्तू नुसत्या मांडायचं ठरलं. आमच्या घरी मात्र विचारायला आले नाहीत. आपल्यातलंच घर, तिथं काय विचारायचं, असं त्यांना वाटलं. चुलतसासरा रस्त्यात भेटला, त्याला विचारलं, तो हो म्हणाला.

आदल्या दिवशी चुलतसासरा आमच्या पडवीत येऊन बसला. सासू तेव्हा आमच्याकडंच होती.

"वैनी, उद्या सायेब दादाच्या गलबताला हार घालनार. साऱ्या गावासमोर. मग परवा मी भटजींना सांगून येतो. आता तरी न्हाय म्हनू नको."

सासू तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. बायकोच उठली.

"काका, कुनाला विचारून हो म्हनलात?"

"माझा भाऊ हाय त्यो!"

"माझा बाप हाय."

तशीच ती मास्तरांकडं गेली, मीही मागोमाग. मास्तर बिचारे घाबरले. म्हणाले, "अगं बाय, तुझ्या काकांनीच सांगितलं. आता ओळीत एकच गलबत बिनहाराचं ठेवलं तर साहेब विचारतील. त्यापेक्षा उद्याचा दिवस घरी घेऊन जा."

घरी येऊन बायकोनं आईला विचारलं, "आये, गलबत घेऊन येऊ?"

"नको," सासू म्हणाली. "त्येचंच गलबत तेवढं का उचलायचं? बसू दे साऱ्यांत. मी येते उद्या."

अंथरुणावर पडल्यावर बायको मला म्हणाली, "बाप गेला तो गेला, मला काय कळत न्हाय व्हय? पन आयेचं कुंकू काकानं का पुसायचं? तिला पुसायचं तेव्हा ती पुसंल." मला तिचं पटलं होतं, पण उद्या काय करायचं ते सुचत नव्हतं. तिलाही सुचलं नव्हतं.

सकाळी ऊन-पाऊस चालू होता. साहेबांची जीप म्हसळ्याकडून चिखल उडवत आली. कचेरीची मोठी खोली गच्च भरली, खिडक्यांत माणसं. बायका डाव्या बाजूला. सासू मधोमध बसली होती, हिरवं लुगडं नेसून, कपाळावर हे एवढं कुंकू. तिच्या दोन्ही बाजूंना पांढरी कपाळं. मी दाराशी चहाची किटली घेऊन उभा.

मास्तर एकेकाचं सांगत, साहेब हार घालत. कुठल्या घरातली बाई रडायची, मग गप्प व्हायची. मुसलमान खलाशाची वल्ही आली तिथं साहेबांनी नुसते हात जोडले. आणि मग मास्तर आमच्या गलबतापाशी आले. त्यांचा आवाज बारीक झाला. साहेबांनी हार उचलला.

"सायेब, जरा थांबा."

बायको उभी राहिली होती. जन्मात ती पंचवीस माणसांसमोर बोलली नव्हती. हात लुगड्याच्या पदरात गुंडाळलेले. "त्यो हार घालू नका. माझी आय हितं बसलीय, तिनं अजून हो म्हनलेलं न्हाय."

साहेबांनी मास्तरांकडं पाहिलं, मास्तरांनी जमिनीकडं. चुलतसासरा पुरुषांतून ओरडला, "इतकी वरसं झाली! अजून काय, हेलपाटे घालतोय काय त्यो मंगळूरला?"

काही लोक हसले. बायको खाली बसली नाही. तेव्हा सासू उठली. गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू उठली आणि टेबलापाशी गेली. साहेबांच्या हातात तो झेंडूचा हार तसाच.

"सायेब, तुमी लांबनं आलात, हार आनलात, तो वाया नका घालवू. त्येला घालू नका. मला घाला. दर्यावर तो गेला, पन वाट बघायचं काम मी केलंय."

साहेब तरुण होते, गडबडले. बाई म्हणतेय तर मान द्यावा म्हणून खरंच दोन्ही हातांनी हार वर उचलला. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारी ओरडली, "अगो बाय! हातात द्या सायेब, हातात! गळ्यात घातलात तर लगीन लागंल, मंग तिला अलिबागला न्यावी लागंल!"

सगळी खोली हसण्यानं फुटली. साहेब लाल झाले, मग तेही हसले. सासूसुद्धा हसली, तोंडावर पदर घेऊन. मी तिला तशी हसताना पूर्वी पाहिली नव्हती. साहेबांनी हार तिच्या हातात दिला. ती परत जागेवर गेली आणि बसल्या बसल्या हार सोडायला लागली. एकेक फूल शेजारणीच्या हातात, तिच्या पलीकडचीच्या हातात, पांढऱ्या कपाळाच्या बायकांनाही, मुसलमान बायकांनाही. कुणी नको म्हणालं नाही. मास्तरांनी चष्मा पुसला आणि पुढचं नाव घेतलं.

माझं लक्ष चुलतसासऱ्याकडं होतं. तो हसला नव्हता. मान खाली घालून बसला होता. मला वाटलं, आता बाहेर भांडण होणार.

मग सगळे किनाऱ्यावर गेले. पुनवेची भरती अजून चढत होती, पाणी पार सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं. पूजा झाली. सोन्याचा कागद लावलेला नारळ चुलतसासऱ्याच्या हातात होता, त्या वर्षीचा मान त्यांच्या घराचा होता. तो नारळ घेऊन बायकांच्या बाजूला आला. बायको पटकन आईच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"सर ग पोरी," तो म्हणाला. "तुझ्या आयशीला मारतोय काय मी?" आणि सासूकडं न बघताच म्हणाला, "वैनी, हो पुढं. सवाष्णीचा हात लागू दे पयला."

सासूनं त्याच्या तोंडाकडं नीट पाहून घेतलं. "आनि भटजी?"

"ऱ्हाऊ दे. तू सांगशील तवा."

सासू घोट्याइतक्या पाण्यात गेली. तिनं नारळावर हळद-कुंकू वाहिलं आणि नारळ सोडला. लाटेनं तो उचलला आणि सरळ परत तिच्या पायाशी आणून टाकला. चुलतसासरा म्हणाला, "पुन्यांदा सोड." तिनं सोडला, तो परत आला.

"भरती हाय अजून," सासू म्हणाली. "ओहोटी लागू दे, जाईल."

साहेबांना पुढं श्रीवर्धनला जायचं होतं, ते गेले. बाकी कुणी हललं नाही. सासू नारळ धरून पाण्यात उभी, चुलतसासरा तिच्या शेजारी, डोक्यावर पाऊस. बायको माझ्याकडं वळली.

"अवो, चहाची किटली हिकडंच आना. आनि आज साखर घाला जरा."

मी आणायला गेलो.