किसनमामांची दीपगृहं

किसनमामा सुतार आपलं काम डोळे मिटून तपासत. रंधा मारून झाला की लाकूड मांडीवर घ्यायचं, डोळे घट्ट मिटायचे आणि बोटं सावकाश फिरवायची. परतूरच्या शाळेत शिक्षिका म्हणून मी बदलून आले आणि त्यांच्या शेजारी खोली घेतली. पहिल्याच दिवशी ते असे बसलेले दिसले, तेव्हा मी विचारलं, "मामा, डुलकी लागली का?"

"न्हाई बाई, बघून राह्यलो," डोळे न उघडता ते म्हणाले. "डोळ्याला फसवता येतं, बोटाला न्हाई."

मांडीवर होता एका लाकडी मनोऱ्याचा खालचा भाग. समुद्र आमच्याकडे फक्त भूगोलाच्या पुस्तकात असतो. आणि हा जन्मभर दाराच्या चौकटी, पेरणीच्या तिफणी करणारा माणूस दीपगृह घडवत होता!

त्यामागे कारण होतं. त्यांची एकुलती लेक संगीता वाटूरच्या मुलाला दिली होती. त्याला कोकणात एका जुन्या, दगडी दीपगृहावर नोकरी लागली आणि लेक तिकडे गेली. त्याच सुमारास साखरेच्या आजाराने पारूमामींची नजर गेली. "पोरगी कुठं राहती ते मला कळंना," असं म्हणत मामी दिवसभर बसून राहायच्या. संगीता फोनवर फोटो पाठवायची, पण मामींना त्याचा काय उपयोग? मग मामांनी सागवानाचे तुकडे जमवले.

मनोरा माझ्या कमरेएवढा होता. त्याची एक बाजू कपाटाच्या दारासारखी उघडायची. आत गोल फिरत जाणारा जिना. खऱ्या दीपगृहात जेवढ्या पायऱ्या, तेवढ्याच इथे. मामी दोन बोटांची पावलं करून तो चढायच्या. मापांसाठी मामा जावयाला सारखे फोन करत. "जावईबापू, दुसरी खिडकी डाव्या अंगाला हाय का उजव्या? चढताना सांगा, उतरताना न्हाई." बिचारा ड्यूटी संपल्यावर टेप घेऊन पुन्हा वर जायचा.

मनोरा पूर्ण झाला, त्या संध्याकाळी मामींनी बोटांनी चढाई केली आणि म्हणाल्या, "एकशे अकरा भरल्या. पोरगी तर एकशे बारा म्हणती."

"तू मोजायला चुकलीस."

"मी चुकले न्हाई. तुम्ही एक पायरी खाल्ली."

मामा तणतणले, जावयाला पुन्हा मोजायला लावलं. एकशे बाराच निघाल्या. दोन दिवस नवरा-बायकोत बोलणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मामांनी वरचा सगळा मजला उचकटून नव्याने बसवला.

एकदा जालन्याचे एक साहेब तो मनोरा दिवाणखान्यासाठी मागायला आले. मामांनी त्यांना चहा पाजला आणि हात जोडले. "साहेब, ही शोभेची वस्तू न्हाई. हा आमच्या मंडळीचा लेकीकडं जायचा रस्ता हाय."

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दोघांना घेऊन कोकणात गेले. खरं दीपगृह दिसताच मामा खालून वर बघतच राहिले. चढायला लागलो, आणि पहिल्याच खिडकीतून खाली पाहून त्यांना गरगरलं. ते पटकन बसले. "तुम्ही व्हा म्होरं. मी जरा ही पायरी तपासतो," असं म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले. या वेळी कशासाठी, ते आम्हा सगळ्यांना कळलं.

मामी मात्र थांबल्या नाहीत. संगीताने धरायला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. "थांब. आता डाव्या हाताला खिडकी येईल." खिडकी आली. "आता जिना अरुंद हुईल." झाला. संगीता मागून हसतही होती, डोळेही पुसत होती. वर कठड्याशी पोचल्यावर वाऱ्याने मामींचा पदर उडाला. त्यांनी लोखंडी कठडा घट्ट धरला.

"समुद्र कुठवर हाय गं?"

"सगळीकडंच हाय, आई. संपतच न्हाई."

"मंग आले ते बरं झालं," मामी म्हणाल्या. "त्यांना हे काही लाकडात करता आलं नसतं."

खाली येऊन त्यांनी मामांना निकाल दिला. "समदं बराबर हाय. पर वर वारा लई हाय. तेवढा राह्यला तुमच्या कामात."

"पुढच्या टायमाला टाकतो," मामा गंभीरपणे म्हणाले.

जावयाची बदली झाली. मामांनी दुसरं दीपगृह केलं. पुन्हा बदली झाली. तिसरं करायला घेतलं. हे आणखी उंच होतं. गेल्या श्रावणात त्याची तिसरी खिडकी बसवून मामा दुपारी आडवे झाले, ते उठले नाहीत. मामींनी त्या अर्धवट जिन्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "हितवर चूक न्हाई."

संगीता आईला आपल्याकडे, त्या तिसऱ्या दीपगृहावर घेऊन गेली. परवा मामींचा फोन आला. आवाज खणखणीत होता.

"बाई, रोज संध्याकाळी वर जाते मी."

"एकट्या?"

"तिसऱ्या खिडकीपस्तोर एकटीच जाते. तितून पुढं पोरीचा हात धरते."