डोमाजीभाऊंचं शिमिटाचं घर

डोमाजीभाऊ सकाळी उठले की आधी तोंड धुवायचे नाहीत. आधी मागच्या खोलीत जाऊन भिंतीला गाल लावायचे. डोळे मिटून थोडा वेळ तसेच उभे राहायचे आणि मग बाहेर येऊन ओसरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "आज बी ओली हाय." दात घासणं त्यानंतर. खोली भाड्यानं घ्यायला मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हाही ते असेच भिंतीला चिकटलेले होते. मी खाकरलो. गाल न काढता त्यांनी विचारलं, "गुरुजी, तुमाले वास येते का?"

"येतो," मी म्हटलं.

"मंग पुढची खोली तुमची. वास येऊन बी जो उभा राह्यला, तो टिकते."

मी वर्ध्याकडचा. पोंभुर्ण्याच्या शाळेत मास्तर म्हणून नवीनच आलो होतो. जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत. गावाभोवती जंगल आणि जंगलाच्या पोटात धानाच्या बांध्या, भाताची खाचरं. डोमाजीभाऊंकडे बऱ्यापैकी धान व्हायचं, गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि त्यांचं घर सिमेंटचं होतं. खरं तर घर मातीचंच. जाड भिंती, वर कवेलू, म्हणजे कौलं. पण मुलीच्या, शेवंताच्या, लग्नाआधी त्यांनी चांद्याहून बैलगाडीनं सिमेंट आणून भिंतींना आतून-बाहेरून गुळगुळीत गिलावा करून घेतला होता. गावातलं असं ते पहिलंच घर. आसपासच्या गावांतून माणसं बघायला यायची, भिंतीवरून हात फिरवायची आणि चहा पिऊन जायची. डोमाजीभाऊ प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवायचे, "मातीच्या घरात मानूस रायते. शिमिटाच्या घरात इज्जत रायते."

आषाढ लागला की त्या इज्जतीवर बुरशी यायची. तिकडे तिला बुरा म्हणतात. आधी मागच्या खोलीच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसायचे, मग हिरवट डाग, मग पांढरी लव. माझी काळी टोपी आठवडाभर खुंटीवर राहिली तर तिला म्हातारपण आलं. गणपतीच्या तसबिरीत काचेच्या आत बुरा शिरला आणि सोंडेपर्यंत चढला. डोमाजीभाऊंनी तसबीर उचलून अंगणात, मिरच्यांच्या सुपाशेजारी ठेवली. "देवाले बी ऊन लागते," म्हणाले.

उपायांत त्यांनी कसूर केली नाही. आधी त्यांनी काथ्या घेऊन भिंत कोरडीच घासली. बुरा भिंतीवरून उडाला आणि घरभर पसरला. दुपारपर्यंत आम्ही सगळे शिंकत होतो. मग चुन्यात मोरचूद कालवून लावला. भिंत छान निळी झाली आणि पोळ्यापर्यंत त्या निळ्यातून काळं वर आलं. मग कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला. माणसं बाहेर पळाली, बुरा जागच्या जागी राहिला. धुरातून सर्वांत शेवटी बाहेर येत डोमाजीभाऊ म्हणाले, "त्याले धूर मानवते असं दिसते."

त्या खोलीत त्यांची बायको, अनुसयाबाई, झोपायची. बाई अंगानं बारीक आणि बोलायला कमी. तिच्या अंथरुणाशेजारी, भिंतीला टेकून, धान साठवायची बांबूची ढोली होती. पावसाळ्यात बाईला दम लागायचा. ती चुलीपाशी बसली की तिचा श्वास मला पुढच्या खोलीत ऐकू यायचा, बारीक शिटीसारखा. वैद्याची चाटणं चालू होती. डोमाजीभाऊंचं निदान मात्र ठरलेलं होतं, "तिचा दमा माहेरचा हाय." तिचे वडील एकदा येऊन गेले. म्हातारा पार वाकला होता, पण त्यानं अंगणातून बैलांना हाक मारली की तळ्यापलीकडचे बैलही माना वळवायचे. डोमाजीभाऊंनी निदान बदललं नाही.

दुसऱ्या वर्षी श्रावणात शेवंताचं बाळंतपण आलं आणि अनुसयाबाई लेकीच्या गावी गेली. भाद्रपदात परतली ती चेहऱ्यावर तेज घेऊन. डोक्यावरचं गाठोडं तिनं स्वतःच उतरवलं. चार दिवस गेले नाहीत तोच शिटी परत सुरू झाली. त्या दिवशी संध्याकाळी तिनं आपली गोधडी गुंडाळली आणि अंगणात उतरली.

डोमाजीभाऊ ओसरीवर सुपारी कातरत होते. "कुठी चालली?"

"गोठ्यात."

"काऊन?"

"शेवंताचं घर मातीचं हाय. दारातच तळं हाय. पानी इथल्याहून जास्त. पन तिथी मले दम नाई लागला. इथी आली अन् लागला. मंग रोग माह्या छातीत हाय का तुमच्या भिंतीत?"

"लोक काय म्हनतीन?"

"लोकाईले झोपवा मागच्या खोलीत," ती म्हणाली आणि गेली.

ती गोठ्यातच राहू लागली. एका बाजूला बैल, एका बाजूला वासरू, मध्ये खाटेवर बाई. हळूहळू तिचा श्वास मोकळा झाला. कोणी विचारलं की डोमाजीभाऊ सांगायचे, "हवापालट करून राह्यली." अशातच शेजारच्या गावचे दोघं जण घर बघायला आले. भिंतीवरून हात फिरवून झाल्यावर एकानं सहज विचारलं, गोठ्यातली खाट कोणाची? डोमाजीभाऊ खोटं बोलायचे नाहीत. "मालकिनीची," म्हणाले. पाहुण्यांनी भिंतीकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं, आणि चहा न घेताच ते निघाले.

डोमाजीभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत. मग त्यांनी आपलं अंथरूण मागच्या खोलीत नेलं. तोवर माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं की ते बारा महिने ओसरीवर झोपायचे. त्या खोलीत त्यांनी एकही रात्र काढली नव्हती. आठवडाभर ते तिथे झोपले. रोज सकाळी डोळे आणखी लाल, खोकला आणखी खोल. शेवटी एका सकाळी ते भिंतीला गाल न लावताच बाहेर आले, माझ्या दारात बसले आणि दम लागत लागत म्हणाले, "गुरुजी, ते माहेरचं नोहे."

पाऊस सरला, दसरा झाला, आणि त्यांनी गिलावा फोडायला सब्बल घेतली. गोठ्यातून हुकूम आला की तोंडाला ओलं फडकं बांधल्याशिवाय कोणी भिंतीला हात लावायचा नाही. आम्ही फडकी बांधली. गिलाव्याचा पहिला पोपडा पडला तेव्हा आतली माती मळलेल्या कणकीसारखी ओली होती. डोमाजीभाऊंनी तिच्यात बोट खुपसलं, ते पेरापर्यंत गेलं. लग्नाच्या घाईत त्यांनी भिंत वाळू दिली नव्हती. तिच्या दोन्ही अंगांना सिमेंट, मागून लाकडांची आणि शेणखताची रास, वरून आखूड वळचणीचं पाणी. आत गेलेल्या ओलीला बाहेर यायला वाटच नव्हती. त्यांनी बोट बाहेर काढून पाहिलं. "बिचारी," म्हणाले. भिंतीला म्हणाले की बायकोला, मी विचारलं नाही.

घर बघायला आली नव्हती इतकी माणसं ते सोलताना बघायला आली. डोमाजीभाऊ हात न थांबवता म्हणायचे, "या, या. इज्जत काढून राह्यलो." त्यांनी मागची रास हलवली, पाणी निघून जावं म्हणून भिंतीच्या कडेनं नाली खणली, कवेलूंच्या दोन ओळी वाढवून वळचण पुढे घेतली. ढोली भिंतीपासून हातभर दूर सरकवली. दारासमोरच्या भिंतीत खिडकी पाडली. खिडकी किती मोठी, हे अनुसयाबाईनं गोठ्यातून उभ्याउभ्या हात पसरून दाखवलं. उन्हाळा संपेपर्यंत भिंती उघड्याच वाळू दिल्या, मग मातीनं लिंपून वर चुना दिला.

पुढच्या पावसाळ्यात बुरा आलाच, पण एका कोपऱ्यात, तळहाताएवढा. चुन्याच्या निवळीत भिजवलेल्या फडक्यानं तो पुसून, फडकं चुलीत टाकत डोमाजीभाऊ म्हणाले, "जाईन कुठी तो? पन आता इचारून येते."

अनुसयाबाई घरात झोपायला आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही चहाच्या वेळी पेंगत होते. मला काळजी वाटली. मी विचारलं, रात्री पुन्हा दम लागला का?

"नाई ना," डोमाजीभाऊ म्हणाले. "आवाजच नाई. म्हनून मी उठू उठू पाह्यलं, जिती हाय का नाई."

"या मानसानं मले झोपू नाई देल्लं," अनुसयाबाई म्हणाली आणि त्यांच्या कपात तिनं पुन्हा चहा ओतला.

पुढे माझी बदली गडचिरोलीला झाली. काही वर्षांनी एका माजी विद्यार्थ्याकडून कळलं की डोमाजीभाऊ गेले. रोवणीचे दिवस होते. रोपं लावून झाल्यावर ते बांधावर टेकले, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत संपले होते. मी पोंभुर्ण्याला गेलो. अनुसयाबाईनं मला मागच्या खोलीत बसवलं. खिडकीतून वारा येत होता, भिंती कोरड्या होत्या. तिचा श्वास संथ चालला होता.

"दमा मले होता, गुरुजी," ती म्हणाली. "अन् गेले ते."