गच्चीवरचे मीठ

आम्ही दोघी बहिणी इंदुरीच्या, इंद्रायणीच्या गोड्या पाण्यावर वाढलेल्या. समुद्र आमच्या घरात येई तो सुक्या बोंबलांच्या वासातून, तेवढाच. त्यामुळे धाकटीने नोकरी सोडून पेणच्या पुढे, सासरच्या पडीक मिठागरात मीठ पिकवायचे ठरवले, तेव्हा मी मनातल्या मनात तिला एक पावसाळा दिला होता. ती परत येईल, लोणावळ्याच्या माझ्या घरी आईच्या मांडीवर डोके ठेवून रडेल आणि मी चहा टाकीन, असे चित्रही मी रंगवून ठेवले होते.

ती आली ती मिठाची बरणी घेऊन.

वडील गेल्यापासून आई माझ्याकडे होती; माझीच होती, असे मी धरून चालले होते. धाकटीने चिमूटभर मीठ तिच्या तळहातावर ठेवायला हात पुढे केला, तशी आईने आपला हात मागे घेतला. "हातावर देऊ न्हाई, भांडणं व्हत्यात. वाटीत काढ." मग वाटीतला एक खडा तिने जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. इतकी वर्षे मी तिच्यासाठी रांधते आहे. माझ्या एकाही घासाला तिने डोळे मिटलेले मला आठवत नाहीत.

"लय ग्वाड हाय," ती म्हणाली. "औंदाचं लोणचं ह्याच मिठाचं."

इथवर ठीक होते. पण लोणचे ती धाकटीकडे जाऊनच घालणार होती, आणि घातल्यावर पावसाळाभर तिथेच राहणार होती. लोणावळ्याच्या पावसात तिचे गुडघे धरतात म्हणे. पाऊस तिकडेही पडतो, असे मी म्हटले. आईने ते ऐकलेच नाही. एकदा तिकडे राहायला गेली की ती परत घाट चढणार नाही, हे मला तेव्हाच कळले.

जागा तरी पाहावी म्हणून मी आईला एका दिवसापुरती तिकडे घेऊन गेले. भरतीचे पाणी खाजणात, खाडीकाठच्या दलदलीत, शिरते, तिथून ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात चढवायचे, उन्हावाऱ्यात आटू द्यायचे. पूर्वी या कामाला डिझेलचा पंप होता. बांधांवर त्याच्या धुराची काजळी अजून दिसत होती. आता सौरपंप मधमाश्यांसारखा गुणगुणत होता, आणि उन्हे कलल्यावर त्याचे काम एक लहानशी पवनचक्की आपल्याकडे घेत होती. शेवटचे वाफे पारदर्शक छताखाली होते. तिथे पाण्यावर मिठाची कळी धरताना दिसे, दुधावर साय यावी तशी. पाण्यावर तेलाचा तवंग नव्हता. मी खोट शोधत होते. सौरपट्ट्यांवर बगळ्यांची शीट दिसली, तर रोज सकाळी आपणच त्या धुतो, असे धाकटीने हसत सांगितले. मी कॉलेजात मुलींना समुद्रावरच्या कविता शिकवत आले. त्याच्या निळाईला, गाजेला किती विशेषणे लावली असतील. तिने त्याच समुद्रातून आईच्या जिभेवर ठेवता येईल असे काहीतरी काढले होते.

निघताना मी दोन कॅन भरून समुद्राचे पाणी मागून घेतले.

घरी जुन्या खिडकीच्या काचा होत्या. काळ्या रंगाचे पसरट तबक, त्यावर तिरकी काच, आणि वाफ बाहेर ओढायला छोट्या सौरपट्टीवर फिरणारा संगणकातला पंखा, असे माझे मिठागर गच्चीवर उभे राहिले. मीठ इथेही पिकते, मग लोणचेही इथेच घालू, असे मी आईला सांगितले. ती "बगू" म्हणाली. त्या एका शब्दावर मी पुढचे सगळे दिवस काढले. संध्याकाळी घाटातून ढग वर येत आणि काच आंधळी होई. मी ती पदराने पुसत बसे. अखेर तबकात स्फटिक चमकू लागले. तळाशी थोडे दाट, जडसर पाणी उरले होते. घाट चढून आणलेल्या पाण्याचा थेंबही वाया घालवायचा नाही म्हणून मी तेही उन्हात ठेवून पुरते आटवले आणि तबक खरवडून घेतले.

धाकटी आईला न्यायला आली, त्या दिवशी मी माझे मीठ वाटीतून पुढे केले. ते पांढरेशुभ्र होते, पण वाटीच्या कडेला पाझरू लागले होते. आईने खडा तोंडात टाकला आणि तिचा चेहरा आक्रसला. धाकटीनेही चाखून पाहिले.

"ताई, सगळंच आटवलंस? शेवटचं पाणी कडू असतं. ते सोडून द्यायचं, मग मीठ ओढायचं."

"तू सांगितलं नाहीस."

"तू म्हणालीस, कॉलेजातल्या मुलींना दाखवायला हवंय. त्यांना काय, चाटायला देणार होतीस?"

आई हसली. मी वाटी उचलून मोरीकडे निघाले, तर तिने अडवले. टाकू नगं म्हणाली, दृष्ट काढायला होईल. पोरीचे एवढे नवे काम, शंभर नजरा लागत असतील. तिने धाकटीला पाटावर बसवले. आईचा खांदा दुखतो, म्हणून उतरवायचे काम माझ्याकडे आले. मुठीत माझेच मीठ आणि मोहऱ्या घेऊन मी बहिणीच्या चेहऱ्यावरून हात फिरवू लागले. आल्यागेल्याची, शेजारपाजारची, म्हणता म्हणता थांबले.

"घरच्यांची बी म्हन," आई म्हणाली.

मी म्हटले. धाकटीकडे न पाहता म्हटले. शेगडीतल्या निखाऱ्यावर मूठ सोडली. ओले मीठ नुसतेच चुरचुरले, कुणालाही ठसका आला नाही. ठसका न येणे म्हणजे दृष्ट जबर. आईने मान हलवली. "लय लागली व्हती गं."

गाडीत आई पुढे, धाकटीच्या शेजारी बसली. धाकटीच्या मिठाची रिकामी बरणी तिच्या मांडीवर होती.

दुसऱ्या दिवशी मी तबक धुतले, काचा पुसल्या आणि धाकटीला फोन केला. पाणी न्यायला पुन्हा कधी येऊ, असे विचारले.

"कॉलेजच्या मुलींसाठी?"

"नाही. लोणच्यासाठी."

ती ये म्हणाली. या वेळी सगळे नीट दाखवते म्हणाली. तिच्या मागे आई कशावर तरी मोकळेपणी हसत होती. कशावर, ते मी विचारले नाही.