जिलेटिनबद्दल एक प्रश्न

जपानमधल्या २०११च्या मोठ्या भूकंपानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी ओसाकातल्या एका विद्यापीठात संशोधन करत होतो आणि मुलगी घराजवळच्या जपानी सरकारी शाळेत चौथीत होती. बायकोचं आयटीतलं ऑफिस गाडीने तासाभरावर. माझ्या लॅबमध्ये मात्र मी कधी येतो-जातो हे कुणी फारसं बघत नसे. त्यामुळे शाळेच्या पालकसभा माझ्या गळ्यात पडल्या. वीस-बावीस आया आणि एक मी.

ऑक्टोबरच्या सभेत विषय होता केकविक्रीचा. दरवर्षी शाळेच्या बाजारात आया घरी केलेले केक, बिस्किटं विकत आणि आलेल्या पैशांतून मुलांसाठी काहीतरी घेतलं जाई. त्या वर्षी एकचाकी सायकली घ्यायच्या होत्या. तिथल्या प्राथमिक शाळांच्या मैदानावर त्या असतातच. मुली मधल्या सुट्टीत एकमेकींचे हात धरून चालवतात. आमच्या शाळेतल्या जुन्या होत्या, सीट फाटलेल्या. माझ्या मुलीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना नव्या हव्या होत्या, आणि घरात दुसरा विषय नव्हता.

शाळेच्या आहारतज्ज्ञ बाईंनी नियम वाचून दाखवले. क्रीम नाही, कच्ची फळं नाहीत, ओव्हनमध्ये पूर्ण भाजलेलंच. शाळेत खायचं नाही, घरी न्यायचं, कारण शाळेच्या जेवणात मुलांचं पोषण मोजूनमापून दिलेलं असतं. प्रत्येक पुडीवर चिठ्ठी: अंडं, दूध, गहू, शेंगदाणे, ज्यांची ॲलर्जी असते ते सगळं. साऱ्यांनी माना डोलावल्या. शेवटी अध्यक्षबाईंनी विचारलं, "काही प्रश्न?"

आता, प्रश्न विचारणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. सेमिनार संपल्यावर कुणी काही विचारलं नाही तर तो वक्त्याचा अपमान, अशा वातावरणात मी वाढलेला. मी हात वर केला. "चिठ्ठीवर जिलेटिन आणि प्राण्यांची चरबीही लिहाल का? आम्ही शाकाहारी आहोत. अंडं चालतं, ही दोन चालत नाहीत." जपानी वाक्य न अडखळता पार पडलं याचाच मला आनंद. अध्यक्षबाई म्हणाल्या, "आम्ही विचार करतो." मी खुशीत घरी आलो.

अशा सभेत सगळं आधीच ठरलेलं असतं आणि शेवटी जो विचारतो त्याची हरकत आहे असं धरतात, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. कळलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी शाळेतून कागद आला. माझं वाचन गोगलगायीच्या गतीचं, म्हणून मुलीने मोठ्याने वाचला. सर्व मुलांना सारखाच भाग घेता यावा म्हणून यंदाच्या बाजारात खाण्याचे पदार्थ नसतील. त्याऐवजी घरातले न वापरलेले टॉवेल आणावेत. नाव कुणाचंच नव्हतं आणि गरजही नव्हती. अख्खी शाळा एकच जेवण जेवत असताना घरचा डबा खाणारी मुलगी एकच होती.

तिने कागदावरून नजर न काढता जपानीत विचारलं, "बाबा, तू काय बोललास?"

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षबाईंना गाठलं. वाकून म्हटलं, "विक्री बंद करा असं मला म्हणायचं नव्हतं. चिठ्ठीवर काही लिहू नका. माझी मुलगी नाही घेणार, एवढंच." त्या माझ्यापेक्षा खाली वाकल्या. "नाही नाही, आमचंच लक्ष नव्हतं. एका मुलीने नुसतं बघत राहायचं, असं कसं चालेल?" त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. मला स्वतःचाच राग आला. लॅबच्या पार्ट्यांत माशाच्या पाण्यात शिजलेलं सगळं मी निमूट खात होतो. तिथे मी कधी हात वर केला नव्हता.

टॉवेल खपले, पण टॉवेल घेऊन घेऊन कोण किती घेणार? सायकली आल्या नाहीत. मैत्रिणी मुलीला काही बोलल्या नाहीत. फक्त शाळा सुटल्यावर तिला घरी बोलावेनाशा झाल्या. हिला खायला काय द्यायचं, याचा त्यांच्या आयांनी धसका घेतला असावा. मुलगी हे मला हवामान सांगावं तसं सांगत असे. ऐकताना मला फार वाईट वाटे, आणि काय करावं ते सुचत नसे.

एप्रिलमध्ये शाळेचं नवं वर्ष सुरू झालं तसा नवा फॉर्म आला: मुलाला खाण्यात काय चालत नाही. तोवर तो मीच भरायचो, रकाना पुरत नसे म्हणून समासात लिहायचो. या वेळी तो टेबलावर भरूनच ठेवला होता, तिच्या अक्षरात: काही नाही. तिथे सहीऐवजी नावाचा शिक्का मारतात, त्या पालकांच्या शिक्क्याची जागा तेवढी रिकामी होती.

"मांस?" मी म्हटलं. "मासे?"

एरवी ती मला जपानीतच उत्तर द्यायची. त्या दिवशी मराठीत म्हणाली, "बाबा, तू आता कुणाला काही विचारू नकोस."

आई आल्यावर बघू, असं म्हणता आलं असतं. मी शिक्का मारला. त्यानंतर शाळेत ती काय खाते हे मी तिला विचारलं नाही, आणि तिनेही कधी सांगितलं नाही.