स्वयंपाकघरातली फुली

माझे यजमान रिटायर झाले त्या हिवाळ्यात आमच्या घरात तो गेम सुरू झाला. मुलगी कॉलेजला गेली तेव्हा तिचा जुना कन्सोल बेसमेंटच्या कपाटात ठेवून गेली होती. ती आता शिकागोत नोकरी करते आणि रविवारी ट्रेनने नेपरव्हिलला आमच्याकडे येते. बाबा दिवसभर खिडकीशी बसून बर्फ बघत बसतात, हे तिला बघवेना. एका रविवारी तिने कन्सोल टीव्हीला जोडला आणि वडिलांच्या हातात कंट्रोलर दिला. गेम हेरांचा होता, एका गाजलेल्या इंग्रजी सिनेमामालिकेवरून काढलेला. गुप्तहेर आपण स्वतःच. पडद्यावर फक्त आपले हात आणि हातातलं पिस्तूल दिसतं. शत्रूच्या इमारतीत शिरायचं, कागदपत्रं पळवायची आणि पहारेकऱ्यांना मारून किंवा चुकवून बाहेर पडायचं.

नागपूरला शिकत असताना ह्यांनी ते सिनेमे तीन-तीनदा पाहिले होते, त्यामुळे गेम आवडला. पण गोळ्या झाडण्यात ह्यांना रस नव्हता. तीस वर्षं पुलांची डिझाइन्स केलेला माणूस. ते गेम मध्येच थांबवायचे आणि ग्राफपेपरवर त्या इमारतीचा नकाशा काढायचे. दारं, जिने, कॅमेऱ्यांची छोटी वर्तुळं. पहारेकरी जिथे उभे असतील तिथे लाल पेन्सिलीने फुली. एकालाही न मारता बाहेर पडता आलं की संध्याकाळी जेवताना मला सगळा मार्ग समजावून सांगायचे. मला त्यातलं फारसं कळत नसे, पण माणूस बोलतोय याचंच बरं वाटायचं. मुलगी म्हणायची, ‘बाबा, नोबडी प्लेज लाइक धिस.’ त्यावर हे खूश.

पुढच्या वाढदिवसाला तिने ह्यांना त्याच गेमच्या नव्या आवृत्तीची पेटी आणली. त्यात एक खोटं पिस्तूल होतं, धातूचं, हातात चांगलं जड लागणारं. खेळणं आहे हे कळावं म्हणून नळीच्या टोकाला नारिंगी टोपण होतं. हे म्हणाले, अगदीच विचित्र दिसतं, आणि पकडीने ते उपटून काढलं. मी समोरच मटार सोलत बसले होते. मी हसले.

दोनेक वर्षं अशी गेली. मग हळूहळू काहीतरी बिघडायला लागलं. गाडी चालवताना रोजचाच रस्ता चुकायला लागला. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळायला लागली. एका सकाळी चहा पिता पिता ह्यांनी शांतपणे सांगितलं की, मागच्या अंगणात दोन माणसं उभी आहेत, काळ्या कोटातली. मी बघितलं. अंगणात बर्फ होता आणि ग्रिलवर घातलेलं झाकण होतं. मी म्हटलं, अहो, कोणी नाहीये. ते माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले की मीच परत एकदा बाहेर डोकावून पाहिलं.

मेंदूच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट सहा आठवड्यांनंतरची मिळाली. तोवर काय करायचं ते कोणी सांगितलं नव्हतं. मुलीला मी फोनवर ‘ठीक आहेत’ एवढंच सांगत राहिले. का, ते अजून मला नीट सांगता येत नाही. बोलले की ते खरं होईल, असं काहीतरी वाटत असावं.

एक दिवस ह्यांचं टेबल आवरताना नकाशांच्या गठ्ठ्यात एक नवा कागद सापडला. आधी मला ती गेममधलीच कुठली तरी इमारत वाटली. मग जिन्याचं वळण ओळखीचं वाटलं. तो आमच्या घराचा नकाशा होता. गॅरेज, लाँड्रीची जागा, बेसमेंटचा जिना, सगळं मापात, ह्यांच्या त्या सुंदर इंजिनिअरी अक्षरात. अंगणात दोन लाल फुल्या होत्या. आणि एक फुली स्वयंपाकघरात, शेगडीसमोर. त्या जागी दिवसभर मी उभी असते.

मी कागद होता तसा ठेवला आणि स्वयंपाकघरात परत आले, पण शेगडीपाशी जाववेना. त्या दिवशी मी वरण-भात मायक्रोवेव्हमध्ये गरम केला. दुपारी हे झोपल्यावर कन्सोलच्या वायरी काढल्या आणि सगळं बेसमेंटमध्ये नेऊन ठेवलं. मग पिस्तूल शोधलं. ते ह्यांच्या खणात असायचं, तिथे नव्हतं. दुसऱ्या कुठल्या खणातही नव्हतं. उठल्यावर विचारलं, तर म्हणाले, मला काय ठाऊक.

दोन दिवसांनी हे सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हळू आवाजात विचारलं, “तुम्ही इथे कोणातर्फे आहात?”

लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. ह्यांनी मला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. मी रडले, वाद घातला, लग्नाचा फोटो आणून दाखवला. त्याने ते अधिकच सावध झाले आणि पाठ भिंतीला लावून हळूहळू मागे सरकत खोलीत गेले. अर्ध्या तासाने बाहेर आले ते नेहमीसारखे, ‘अगं, चहा?’ म्हणत. त्या दिवशी मी डॉक्टरांच्या ऑफिसला फोन केला. तिथली नर्स भली होती. तिने सांगितलं, वाद घालू नका, ते जिथे आहेत तिथे तुम्ही जा. अपॉइंटमेंटही थोडी अलीकडे आणून दिली, पुढच्या सोमवारची. तो सोमवार यायच्या आतच, गुरुवारी, ते घडलं.

दुपारचे तीन वाजत आले होते. मी ड्रायरमधले कपडे काढायला बेसमेंटमध्ये गेले होते, फार तर दहा मिनिटं. वर आले तर घरात गार वारा होता. पुढचं दार सताड उघडं. ह्यांचे बूट, कोट, टोपी सगळं जागच्या जागी होतं. पायरीवरच्या बर्फात मोज्यांचे ठसे उमटले होते, रस्त्याच्या दिशेने गेलेले. आणि हॉलमधल्या बाकाचं झाकण उघडं होतं. त्यातले मफलर, हातमोजे बाहेर विसकटले होते. पिस्तूल इतके दिवस कुठे दडवलेलं होतं ते मला तेव्हा कळलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी आमच्या कोपऱ्यावर शाळेची बस थांबते.

मला आठवतं, मी दारात फोन हातात धरून उभी होते आणि बोट हलत नव्हतं. पोलिसांना बोलवावं तर ते बंदुका घेऊन येणार. न बोलवावं तर कोणीतरी दुसरा बोलावणार, आणि तो फक्त एवढंच सांगेल की एक काळसर माणूस पिस्तूल घेऊन बसस्टॉपकडे चाललाय. त्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं. मी नाइन वन वन लावला. सांगितलं की माझा नवरा चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, मेंदूचा आजार आहे, अंगात मरून स्वेटर आहे, हातातलं पिस्तूल खेळण्यातलं आहे. पलीकडच्या बाईने विचारलं, खेळण्यातलंच आहे याची तुम्हाला खात्री आहे? मी हो म्हटलं. तिने परत विचारलं. मी परत हो म्हटलं आणि ‘प्लीज डोन्ट शूट हिम’ असं किती वेळा म्हणत राहिले कोण जाणे. तिने मला घरातच थांबायला सांगितलं. मी फोन तसाच चालू खिशात टाकून घरातल्या सपाता घालून बाहेर पडले.

कोपऱ्यावर सगळ्या घरांच्या टपालपेट्या एका खांबावर आहेत. हे त्या खांबाआड गुडघ्यावर बसले होते, पाठ वाकवून, पिस्तूल दोन्ही हातांनी छातीशी धरून. समोर पिवळी बस लाल दिवे लुकलुकवत उभी होती. ड्रायव्हर बाईने ह्यांना पाहिलं असावं, कारण दार बंदच होतं आणि काचांमागे एकही डोकं दिसत नव्हतं. मुलांना खाली वाकून बसायला सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी बस रिकामी आहे असंच वाटलं. सगळीकडे इतकं शांत होतं की माझ्या सपातांखाली बर्फ करकरताना ऐकू येत होता.

मागून पोलिसांच्या दोन गाड्या आल्या, सायरन न वाजवता. दारं उघडल्याचे आवाज आले. कोणीतरी मोठ्याने मला मागे व्हायला सांगितलं. मी दोन्ही हात वर केले, पण थांबले नाही. मी आणखी चार पावलं पुढे गेले आणि ह्यांनी मान वळवली.

नजरेत माझी ओळख नव्हती. ओठ निळे पडले होते.

नर्सने सांगितलेलं आठवलं. मी ‘अहो’ म्हटलं नाही. खालच्या आवाजात म्हणाले, “काम झालंय. तुम्हाला परत बोलावलंय. ते माझ्याकडे द्या.”

ह्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग विचारलं, “खुणेचा शब्द?”

गेममध्ये तसा काही शब्द होता का, हे मला माहीत नव्हतं. काहीही चुकीचं बोलले तर हे उठून उभे राहतील, हात पुढे करतील, आणि मागून गोळी येईल, एवढंच डोक्यात होतं. शेवटी खरं तेच बोलले, “मला आठवत नाहीये.”

ते म्हणाले, “मलाही नाही.”

आणि पिस्तूल त्यांनी माझ्या हातात दिलं.

ते बर्फासारखं गार होतं. मी वळले, आणि तेव्हा लक्षात आलं की आता ते माझ्या हातात आहे. गाडीच्या दाराआडून तीन पोलिसांच्या बंदुका माझ्यावर रोखलेल्या होत्या. खाली टाका, खाली टाका, असं एकजण ओरडत होता. ते शब्द कळत होते, पण बोटं उघडेनात. खरं सांगायचं तर त्या एवढ्याशा वेळात मला भीती वाटत नव्हती. नळ्या ह्यांच्यावरून हटून माझ्याकडे आल्या होत्या, एवढंच दिसत होतं. मग बोटं सुटली. पिस्तूल बर्फात पडलं.

त्यानंतर सगळं भराभर झालं. एका पोलिसाने ते बुटाने दूर सारलं, उचलून पाहिलं आणि बाकीच्यांकडे बघून मान हलवली. बंदुका खाली गेल्या. त्याचं वय माझ्या मुलीएवढं असेल. त्याने स्वतःचं जॅकेट ह्यांच्या पायांभोवती गुंडाळलं. मग माझ्या दंडाला धरून उभा राहिला. फोनवरची बाई खिशातून अजून बोलत होती.

हॉस्पिटलात ह्यांच्या पायांची बोटं वाचली. चार दिवस ठेवून घेतलं, आजाराचं नाव कळलं, औषधं सुरू झाली. डॉक्टरांनी मुलीला दोनदा समजावलं की गेममुळे हे झालेलं नाही, ज्यांनी आयुष्यात कधी गेम खेळला नाही त्यांनाही अशी माणसं दिसतात. तिने मान डोलावली आणि कॉरिडॉरमध्ये जाऊन रडली. ‘आय गेव्ह इट टू हिम, आई,’ एवढंच म्हणत राहिली. मी तिला सांगितलं की टोपण उपटलं तेव्हा मी समोर बसून हसले होते. आणि नकाशाबद्दलही सांगितलं, सगळं. ती माझ्यावर चिडली, इतके दिवस एकटी का सहन करत बसलीस म्हणून, आणि तिचं बरोबर होतं.

शेजारच्या दोन घरांनी आमच्याशी बोलणं सोडलं. त्यांची मुलं त्या बसमध्ये सीटखाली बसली होती. मी त्यांना दोष देत नाही. तिसऱ्या घरातली आजीबाई सूप घेऊन आली आणि दारातच अर्धा तास उभी राहून तिच्या भावाच्या आजाराबद्दल बोलत राहिली.

ह्यांना त्यातलं काहीच आठवत नाही. औषधांनी काळ्या कोटातली माणसं कमी झाली. अंगणात अधूनमधून एक कुत्रा दिसतो, त्याची ह्यांना भीती वाटत नाही. मागे एकदा अचानक विचारलं, तो गेम कुठे गेला. मी म्हटलं, बिघडला. तर म्हणाले, आण इकडे, बघतो. मी घाबरले आणि जुना टोस्टर आणून पुढे ठेवला. सबंध दुपार त्याचे स्क्रू काढण्यात गेली.

दाराला मुलीने वरच्या बाजूला एक कडी बसवून घेतली आहे आणि दार उघडलं की वाजणारी घंटीही. घंटी सगळ्यांसाठी वाजते, टपालवाल्यासाठी, मुलीसाठी. दर वेळी मी हातातलं टाकून दाराशी येते. आंघोळीला जाण्यापूर्वी मी कडी दोनदा बघते. कधी तीनदा.