लतादीदींच्या नावावरचा रिपोर्ट

लॅबमध्ये शिरलो तेव्हा कॉम्प्युटरचा माउस ब्लड मिक्सरवर बसला होता. ब्लड मिक्सर म्हणजे संथ फिरणारे रूळ. रक्ताच्या नळ्या त्यांवर लोळत ठेवतात, म्हणजे आतलं रक्त नीट मिसळलेलं राहतं. नळ्यांच्या शेजारी शेवटच्या दोन रुळांवर हा माउस, मायक्रोपोरच्या पट्टीने कडेला चिकटवलेला. खाली रूळ फिरत होते आणि पडद्यावर बाण आपला भटकत होता.

हे कशासाठी ते मला लगेच कळलं. पाच मिनिटं माउस हलला नाही की स्क्रीन लॉक व्हावी आणि पुन्हा पासवर्ड मागावा, ही सेटिंग मीच केली होती. मी या हॉस्पिटलचा आयटी मॅनेजर. राग यायला हवा होता. खरं सांगतो, आधी कौतुक वाटलं.

पण मी कौतुक करायला आलो नव्हतो. वर डायरेक्टरसाहेबांच्या टेबलावर लतादीदींच्या सस्पेन्शनचं पत्र टाइप होऊन पडलं होतं. चार वाजता सही होणार होती, आणि त्याआधी पुरावा आणून देण्याचं काम माझ्याकडे होतं.

लतादीदी आमच्या लॅबच्या सीनियर टेक्निशियन. रायपूरच्या पुरानी बस्ती भागातून रोज स्कूटीवर येणार, सगळ्यांच्या आधी येणार आणि सगळ्यांवर ओरडणार. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली. आदल्या दिवशी साहू आडनावाचे दोन पेशंट होते. एकाचं हिमोग्लोबिन फार कमी आलं आणि तो रिपोर्ट दुसऱ्या साहूंच्या नावावर चढला. हे दुसरे साहू पलंगावर मांडी घालून पोहे खात होते, तेवढ्यात त्यांना रक्त चढवायची तयारी सुरू झाली. वॉर्डच्या डॉक्टरांनी त्यांच्याकडे एकदा नीट बघितलं आणि टेस्ट पुन्हा करायला लावली, म्हणून निभावलं.

कोणताही रिपोर्ट सीनियरने मंजूर केल्याशिवाय वॉर्डात जात नाही. कोणी, किती वाजता मंजूर केला, ते सिस्टममध्ये आपोआप नोंदलं जातं. त्याला आम्ही ऑडिट लॉग म्हणतो. लॉगमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: लता देशकर, सकाळी आठ बारा.

"दीदी, हा रिपोर्ट तुम्ही सोडला?"

"मले आठवत नाही, भाऊ. सकाळच्या घाईत कोनाले आठवते?"

"तुमच्या लॉगिनवर अजून कोण काम करतं?"

"सारेच करतात. मी सकाळी येऊन कॉम्प्युटर उघडते, मंग दिवसभर तोच चालते."

दुकानाचं शटर उघडावं तसा दीदी कॉम्प्युटर उघडत होत्या. मी कपाळावर हात मारला.

"दीदी, असं कसं चालेल? प्रत्येकीने आपापल्या आयडीने..."

"मंग आयडी देल्ला काहून नाही तुम्ही?" दीदी उसळल्या. "तीन पोट्ट्या नवीन आल्या. महिना झाला, तुमाले मेल करून राहिली मी. पेशंटले काय सांगू, थांब बाबा, आयटीवाले झोपले आहेत?"

मी मोबाइलवर मेलबॉक्स उघडला. दीदींचे चार मेल होते, चारही न वाचलेले.

आयडी एक, हात चार. लॉग बघून कोणता हात ते कळायची सोय नव्हती, आणि पोरींपैकी कोणाचं नाव घ्यायला दीदी तयार नव्हत्या. "माझ्या नावावर आहे ना? मंग माझंच," एवढंच त्या म्हणत होत्या. माझ्या आळसापायी या बाईची नोकरी जाणार होती.

शेवटी नजर गेली ती कागदी रजिस्टरवर. लॅबबाहेर जाऊन कोणाचं रक्त घेतलं तर त्यात नाव आणि वेळ हाताने लिहायची पद्धत आहे. हे रजिस्टर बंद करा म्हणून मी दोनदा पत्र दिलं होतं. आदल्या दिवशीचं पान काढलं, वाचलं, पुन्हा वाचलं. रजिस्टर काखेत मारलं आणि जिना चढलो.

डायरेक्टरसाहेब पेन उघडून बसलेले.

"घाटेजी, सिस्टम क्या बोल रहा है?"

"सर, सिस्टम बोल रहा है लता देशकर, आठ बारह."

"तो फिर बात खतम."

"सर, कल आठ बजे आप कहाँ थे?"

"यहीं. खाली पेट शुगर का सॅम्पल देना था." साहेब वैतागले. "क्यों?"

"किसने लिया?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मी रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. दीदींच्या अक्षरात लिहिलं होतं: आठ पाच ते आठ वीस, डायरेक्टर सर, केबिन. पुढे कंसात: 'नस सापडत नव्हती.'

साहेबांनी शर्टाची बाही वर करून कोपरापाशी पडलेला निळा डाग बघितला. पत्र फाडलं, आणि मग मला बसायला न सांगता वीस मिनिटं झापलं. चारही मेल मीच त्यांना दाखवले होते.

दुसऱ्या दिवशी नवीन टेक्निशियन पूजा स्वतःहून येऊन सांगून गेली की दोन साहूंमध्ये गोंधळ तिचा झाला होता. दीदींनी तिला भरपूर सुनावलं आणि आपल्या डब्यातली भाजीही दिली. तिघींचे आयडी मी तिथेच उभ्या उभ्या केले. तिघींची मिळून बारा मिनिटं लागली. पासवर्डच्या शिस्तीवर मी अकरा पानांचं परिपत्रक काढलं होतं, त्याला मात्र दोन आठवडे लागले होते. ते अजून कोणी वाचलेलं नाही. लोकांना सरळ दार उघडून दिलं नाही की ते खिडकीतून येतात, आणि दोष नंतर खिडकीला देता येत नाही, हे मी त्या आठवड्यात शिकलो.

पुढच्या महिन्यात मी लॅबमध्ये असतानाच साहेबांचा फोन आला. दीदींनी स्पीकर लावला.

"लता, मेरा शुगर आ गया क्या? मैं नवा रायपुर में मीटिंग में हूँ. तुम्हारा पासवर्ड बोलो, यहीं से देख लेता हूँ."

पूजाने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"पासवर्ड नहीं मिलेगा, सर," दीदी म्हणाल्या. "रिपोर्ट पढ़के सुना दूँ?"

"पढ़ो," साहेब म्हणाले.